दयेकडून न्यायाकडे : डॉ. सिस्टर मेरी ग्लोरी

प्रस्तावना

आजाऱ्याला औषध द्यावे, भुकेल्याला अन्न द्यावे, ही शिकवण सर्वच धर्मांनी दिली आहे. आपणही आपल्या परीने ती पाळत असतो. परंतु एका गावातील आजाऱ्याला डॉक्टर मिळतो आणि दुसऱ्या गावातील आजाऱ्याला मिळत नाही, त्याचे कारण काय? तो केवळ दैवाचा भाग आहे, की समाजाच्या व्यवस्थेत काही उणीव आहे? पहिल्या प्रसंगी मनात दया उत्पन्न होते. दुसरा प्रश्न विचारला म्हणजे न्यायाचा विचार सुरू होतो. दया आणि न्याय या दोहोंची सांगड घालणाऱ्या एका डॉक्टर स्त्रीचा जीवनपरिचय या पाठात आपण वाचणार आहोत. ती जन्माने ऑस्ट्रेलियन, व्रताने कॅथलिक धर्मभगिनी आणि कर्माने भारतीय होती. तिचे आयुष्य आंध्रातील गुंटूर येथे सरले आणि अखेर बेंगळुरूत झाली.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• डॉ. मेरी ग्लोरी यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगू शकाल;
• त्यांच्या मार्गातील अडचणी व त्यांवर त्यांनी केलेली मात स्पष्ट करू शकाल;
• व्यक्तीने केलेली सेवा आणि संस्थेद्वारे होणारे कार्य यांतील फरक ओळखू शकाल;
• चरित्रात्मक लेखनाची वैशिष्ट्ये सांगू शकाल.

मूळ पाठ

एका वर्षाच्या दोन घटना

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. आपले मूल जन्मानंतर दहा दिवसांतच गेले, या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला होता. समाजाचा विरोध सोसून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या. मात्र आपल्या देशभगिनींची सेवा करण्यापूर्वीच, वयाच्या बाविसाव्या वर्षी क्षयाने त्यांना गाठले. भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावी, ही त्यांची इच्छा अपुरीच राहिली.

त्यानंतर चार महिन्यांनी, २३ जून १८८७ रोजी, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात बिरेगरा या लहानशा गावी मेरी ग्लोरी यांचा जन्म झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही ज्या गरजेने आनंदीबाईंना सातासमुद्रापार नेले, त्याच गरजेने पुढे मेरीला उलट दिशेने, आपल्या देशात आणले. त्या काळी प्रतिष्ठित घरांतील हिंदू व मुसलमान स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नसत. प्रसूती अडली तरी घरातील वडीलधारी माणसे परक्या पुरुषाला आत येऊ देत नसत. गरीब स्त्रीला तर डॉक्टर म्हणजे काय, हेही ठाऊक नसे. बाळंतपणात आई जाणे, मूल जाणे, किंवा दोघेही जाणे, हे लोक नशीब म्हणून सोसत. डॉ. रखमाबाईंसारख्या मोजक्या स्त्रिया या अंधारात दिवा घेऊन उभ्या होत्या. पण देश मोठा होता आणि दिवे फार थोडे होते.

बालपण आणि शिक्षण

मेरी ही एडवर्ड आणि मार्गारेट ग्लोरी यांच्या नऊ अपत्यांपैकी तिसरी. कुटुंब धार्मिक वृत्तीचे होते. रोज सायंकाळी सर्वजण एकत्र बसून प्रार्थना करीत आणि त्या प्रार्थनेत चांगल्या धर्मगुरूंसाठी व चांगल्या डॉक्टरांसाठीही मागणे मागितले जाई. खेड्यात डॉक्टर वेळेवर मिळणे किती दुर्लभ असते, हे त्या घराला माहीत असले पाहिजे. लहानपणी कानांवर पडलेले हे मागणे पुढे मेरीच्या आयुष्याचे सूत्र बनले.

मेरी बुद्धिमान होती. शिष्यवृत्ती मिळवून ती शिक्षणासाठी मेलबर्न शहरात आली आणि पुढे मेलबर्न विद्यापीठात दाखल झाली. आरंभी तिने कला शाखेत प्रवेश घेतला होता. परंतु वडिलांनी प्रोत्साहन दिल्यामुळे ती वैद्यकीय शाखेकडे वळली. मुलीने डॉक्टर व्हावे असे वडिलांनी सुचविणे, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. १९१० मध्ये ती पदवीधर झाली.

पदवी मिळाली तरी वाट सोपी नव्हती. स्त्री-डॉक्टरांना रुग्णालयात जागा देण्यास अनेक ठिकाणी अनुत्सुकता असे. मेरीने पहिला अनुभव न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे घेतला. त्यानंतर मेलबर्नला परतून डोळे व कान यांच्या विकारांच्या रुग्णालयात आणि सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तिने काम केले. हळूहळू तिचा जम बसला, नाव झाले. सुखाचे, मानाचे आयुष्य आता समोर दिसत होते.

एक पुस्तिका

१९१५ साली डॉ. मेरी यांच्या हाती एक लहानशी पुस्तिका आली. ती डॉ. ॲग्नेस मॅकलॅरेन या स्कॉटिश स्त्री-डॉक्टरच्या जीवनाविषयी होती. डॉ. मॅकलॅरेन यांनी उतारवयात भारतात येऊन रावळपिंडी येथील स्त्रियांच्या दवाखान्यासाठी परिश्रम घेतले होते. पडद्यातील स्त्रियांपर्यंत स्त्री-डॉक्टरच पोहोचू शकते आणि हे काम आयुष्यभर टिकवायचे तर ते धर्मभगिनींनी केले पाहिजे, असे त्यांचे मत झाले होते. परंतु त्यात एक मोठीच अडचण होती. कॅथलिक धर्मसभेच्या नियमांनुसार धर्मभगिनींना आजाऱ्यांची शुश्रूषा करता येई. मात्र डॉक्टर म्हणून वैद्यकी करण्यास, विशेषतः प्रसूतीचे काम करण्यास, परवानगी नसे. ते काम व्रतस्थ जीवनाला साजेसे नाही, असे मानले जाई. हा नियम शिथिल व्हावा म्हणून डॉ. मॅकलॅरेन यांनी रोमकडे पुनःपुन्हा विनंती केली. १९१३ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा नियम होता तसाच होता.

ही पुस्तिका वाचून डॉ. मेरी यांचे मन ढवळून निघाले. आपले स्थान भारतात आहे, अशी त्यांची खात्री झाली. मात्र त्या लगेच निघाल्या नाहीत. पहिले महायुद्ध चालू होते आणि अनेक डॉक्टर रणभूमीवर गेले होते. शिवाय जायचे तर पूर्ण तयारीनिशी जायचे, असा त्यांचा स्वभाव होता. १९१६ मध्ये मेलबर्नमध्ये कॅथलिक स्त्रियांची एक सामाजिक संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्या अध्यक्षपदाची धुरा डॉ. मेरी यांनी सांभाळली. स्त्रियांनी केवळ दानधर्म न करता समाजाच्या प्रश्नांचा अभ्यास करावा आणि त्यांच्या मुळाशी जावे, असा त्या संघटनेचा प्रयत्न होता. रुग्णालयातील कामासोबत उच्च शिक्षणही चालू होते. प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग आणि नेत्ररोग या विषयांचा अभ्यास करून १९१९ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली. भारतातील स्त्रियांना ज्यांची सर्वाधिक गरज होती, नेमके तेच विषय त्यांनी निवडले होते.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) मेरी ग्लोरी यांचा जन्म ............... या गावी झाला.
(आ) मेरी यांना वैद्यकीय शिक्षणासाठी ............... यांनी प्रोत्साहन दिले.
(इ) १९१५ मध्ये मेरी यांनी डॉ. ............... यांच्याविषयीची पुस्तिका वाचली.

गुंटूरची वाट

जानेवारी १९२० मध्ये डॉ. मेरी यांनी मेलबर्न सोडले. आई-वडील, भावंडे, मित्रमंडळी, चालता व्यवसाय यांचा निरोप घेऊन त्या जहाजावर चढल्या. पुढे त्या मायदेशी कधीच परतल्या नाहीत. १२ फेब्रुवारी १९२० रोजी त्या गुंटूरला पोहोचल्या. त्या वेळी गुंटूर हे मद्रास इलाख्यातील तेलुगू भाषक शहर होते. उन्हाळा कडक, भाषा अनोळखी, चालीरीती निराळ्या. येथे येशू, मरिया व योसेफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या नेदरलँड्समधील संघाच्या धर्मभगिनी एक छोटा दवाखाना चालवीत होत्या. डॉ. मेरी त्यांच्या संघात दाखल झाल्या.

पण नियमाचा अडसर कायम होता. धर्मभगिनी झाल्यावर त्यांना डॉक्टरचे काम करता येणार होते का? व्रत स्वीकारावे तर विद्या सोडावी लागेल आणि विद्या वापरावी तर व्रत सोडावे लागेल, असा तो पेच होता. डॉ. मेरी यांनी दोहोंपैकी काहीच सोडले नाही. त्यांच्यासाठी रोमकडे विनंती गेली आणि १९२० मध्येच पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना वैद्यकी करण्याची विशेष अनुमती दिली. जी गोष्ट डॉ. मॅकलॅरेन यांना जिवंतपणी पाहता आली नाही, ती अशा रीतीने प्रत्यक्षात आली. डॉक्टर म्हणून काम करण्याची अनुमती मिळालेल्या त्या पहिल्या कॅथलिक धर्मभगिनी मानल्या जातात. त्यांना पवित्र हृदयाची सिस्टर मेरी असे नवे नाव मिळाले.

एका व्यक्तीसाठी उघडलेले हे दार सर्वांसाठी उघडण्यास आणखी सोळा वर्षे लागली. फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने सूचनापत्र काढून धर्मभगिनींना वैद्यकीय शिक्षण घेण्यास व प्रसूतीचे काम करण्यास मोकळीक दिली. नियम बदलला तो भांडण करून नव्हे, तर गरज सतत नजरेस आणून देऊन. या बदलासाठी ज्यांनी प्रयत्न केले, त्यांत रावळपिंडीला काम केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांचेही नाव आदराने घेतले जाते. पण तो बदल शक्य आहे आणि सुरक्षित आहे, याचे जिवंत उदाहरण गुंटूरमध्ये रोज काम करीत होते.

सेवेची रीत

गुंटूरच्या त्या छोट्या दवाखान्याचे सिस्टर मेरी यांच्या हाताखाली सेंट जोसेफ रुग्णालयात रूपांतर झाले. दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येऊ लागली. अडलेली बाळंतीण, डोळे आलेले मूल, तापाने फणफणलेला शेतमजूर, अशी माणसे दारात उभी असत. रुग्णाचा धर्म कोणता, जात कोणती, त्याच्यापाशी पैसे आहेत की नाहीत, हे प्रश्न तेथे नंतरचे होते. ज्या काळात अस्पृश्य मानलेल्या माणसाला विहिरीवर पाणीही भरू देत नसत, त्या काळात एकाच हाताने सर्वांची नाडी पाहिली जाणे, हीच एक मोठी सामाजिक शिकवण होती.

सिस्टर मेरी यांनी तेलुगू भाषा आत्मसात केली. रुग्ण स्वतःचे दुखणे स्वतःच्या भाषेतच नीट सांगू शकतो, हे त्या जाणून होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची उच्चतम पदवी जवळ असूनही त्यांनी स्थानिक औषधी वनस्पतींकडे दुर्लक्ष केले नाही. परदेशातून येणारे औषध महाग असे आणि पुष्कळदा वेळेवर मिळत नसे. म्हणून आसपास उगवणाऱ्या वनस्पतींचे गुण त्यांनी अभ्यासले आणि त्यांचा उपचारात उपयोग केला.

मात्र त्यांचे खरे वेगळेपण याहून पुढचे आहे. एक डॉक्टर दिवसरात्र राबली तरी किती जणांना पुरणार, हा प्रश्न त्यांना पहिल्यापासून भेडसावत होता. समोरच्या रुग्णाला बरे करणे ही दया झाली. परंतु जो दवाखान्यापर्यंत पोहोचूच शकत नाही, त्याचे काय? यावर त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे प्रशिक्षण. त्यांनी स्थानिक मुलींना परिचारिकेचे, सुईणीचे आणि औषधे तयार करून देण्याचे शिक्षण दिले. या मुलींच्या हाती केवळ रोजगार आला नाही, तर ज्ञान आले. आपल्याच गावातील स्त्रीला आपल्याच भाषेत धीर देणारी, स्वच्छ हातांनी बाळंतपण करणारी मुलगी हजार उपदेशांपेक्षा अधिक बदल घडवून आणते. कोणतेही ज्ञान आपल्यापुरते ठेवू नये, हा धडा त्यांनी कृतीतून दिला.

एकीचे बळ

१९४० च्या सुमारास देशात कॅथलिक संस्थांची अनेक छोटी रुग्णालये व दवाखाने होते. पण ती एकमेकांपासून दूर, विखुरलेली होती. एकाला दुसऱ्याची अडचण ठाऊक नव्हती आणि सरकारपुढे प्रश्न मांडण्यासाठी सर्वांचा एक आवाज नव्हता. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू होते. अशा बिकट काळात, २९ जुलै १९४३ रोजी, सिस्टर मेरी यांच्या पुढाकाराने सोळा धर्मभगिनी गुंटूरला एकत्र आल्या आणि कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. सिस्टर मेरी तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

सोळा ही संख्या लहान वाटेल. परंतु वडाचे बीही लहानच असते. पुढे या संघटनेचे कार्यालय सिकंदराबादला गेले आणि भारतीय कॅथलिक आरोग्य संघटना या नावाने ती देशभर पसरली. आज साडेतीन हजारांहून अधिक लहानमोठी आरोग्यकेंद्रे व रुग्णालये तिच्याशी जोडलेली आहेत. त्यांतील पुष्कळशी दुर्गम खेड्यांत व आदिवासी भागांत आहेत.

सिस्टर मेरी यांचे आणखी एक स्वप्न होते. भारतात कॅथलिक समाजाचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय असावे. तेथे डॉक्टर घडावेत आणि ते गरिबांकडे जावेत. बाहेरून डॉक्टर आणून देशाची गरज कधीच भागणार नाही, हे स्वतः बाहेरून आलेल्या या स्त्रीने पक्के ओळखले होते. परंतु महाविद्यालय उभारायचे तर जमीन हवी, पैसा हवा, शिक्षक हवेत. बैठका होत, विनंत्या होत, वर्षे जात. त्यांचे वयही वाढत होते.

अखेर आणि नवी सुरुवात

अखेरच्या वर्षांत सिस्टर मेरी यांना कर्करोगाने ग्रासले. आयुष्यभर इतरांच्या वेदना कमी करणाऱ्या त्या डॉक्टरला आता स्वतः रुग्ण व्हावे लागले. ५ मे १९५७ रोजी बेंगळुरू येथे त्यांची प्राणज्योत मालवली. भारतात त्यांनी सदतीस वर्षे काढली होती. वैद्यकीय महाविद्यालयाची एक वीटही तोवर रचली गेली नव्हती.

बेंगळुरूला आरोग्यसेवेची परंपरा जुनी होती. तेथील सेंट मार्था रुग्णालय धर्मभगिनींनी १८८६ मध्येच सुरू केले होते. याच शहरात, सिस्टर मेरी यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १९६३ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना केली. पुढे कोरमंगल भागात त्याचा विस्तार झाला आणि १९७५ मध्ये त्याचे रुग्णालय सुरू झाले. येथे शिकणाऱ्या डॉक्टरांनी काही काळ ग्रामीण व उपेक्षित भागांत सेवा द्यावी, अशी प्रथा या संस्थेने रुजविली. जेथे सिस्टर मेरी यांनी शेवटचा श्वास घेतला, त्याच शहरात त्यांच्या स्वप्नाला आकार आला. ते पाहण्यासाठी मात्र त्या नव्हत्या.

२०१३ मध्ये कॅथलिक धर्मसभेने त्यांना संतपद देण्यासंबंधीच्या प्रक्रियेचा आरंभ करून 'देवाची सेविका' ही उपाधी दिली. तो सन्मान श्रद्धेच्या क्षेत्रातील आहे. परंतु ज्यांचा त्या श्रद्धेशी संबंध नाही, अशांनाही त्यांच्या जीवनातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एखाद्या कामाची फळे आपल्याला चाखायला मिळणार नाहीत, हे दिसत असूनही ते काम नेटाने करीत राहणे, यातच माणसाचे मोठेपण असते. आनंदीबाईंची इच्छा अपुरी राहिली, डॉ. मॅकलॅरेन यांची विनंती अपुरी राहिली, सिस्टर मेरी यांचे महाविद्यालयही त्यांच्या हयातीत झाले नाही. तरीही एकीने जिथे काम सोडले, तिथून दुसरीने ते उचलले. समाजातील न्याय्य बदल असेच घडतात. आणि ते पुढे नेण्याची जबाबदारी प्रत्येक पिढीकडे, म्हणजेच आपल्याकडेही येत असते.

पाठगत प्रश्न २

योग्य की अयोग्य ते सांगा.
(अ) १९३६ पूर्वी सर्वच धर्मभगिनींना डॉक्टर म्हणून काम करण्याची मोकळीक होती.
(आ) सिस्टर मेरी यांनी स्थानिक औषधी वनस्पतींचा अभ्यास केला.
(इ) सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सिस्टर मेरी यांच्या हयातीत सुरू झाले.

शब्दार्थ

धर्मभगिनी – धर्मकार्यासाठी अविवाहित राहून व्रत घेतलेली ख्रिस्ती स्त्री
धर्मसभा – ख्रिस्ती धर्मीयांची संघटित व्यवस्था, चर्च
अनुत्सुकता – उत्साह नसणे, नाखुशी
अडसर – अडथळा
पेच – अवघड प्रसंग
धुरा सांभाळणे – जबाबदारी पार पाडणे
प्राणज्योत मालवणे – मृत्यू होणे

आपण काय शिकलात?

• मिळविलेले ज्ञान गरजूंपर्यंत नेणे व इतरांना देणे हे खरे शिक्षण होय.
• अन्यायकारक किंवा कालबाह्य नियम चिकाटीने व कृतीने बदलता येतात.
• एका व्यक्तीची सेवा मर्यादित असते. संघटना व संस्था यांमुळे ती टिकते आणि वाढते.
• चरित्रलेखनात घटनांचा क्रम, त्या काळची परिस्थिती आणि व्यक्तीच्या विचारांचा विकास यांना महत्त्व असते.

पाठान्त प्रश्न

१. व्रत आणि विद्या यांपैकी काहीच सोडले नाही, या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. सिस्टर मेरी यांनी स्थानिक मुलींना प्रशिक्षण देण्यावर भर का दिला?
३. दया आणि न्याय यांतील फरक आपल्या परिसरातील एखादे उदाहरण देऊन आठ ते दहा ओळींत लिहा.
४. आपल्या गावात किंवा वस्तीत आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा सुईण यांच्याशी बोलून त्यांच्या कामाविषयी एक परिच्छेद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) बिरेगरा (आ) वडील (इ) ॲग्नेस मॅकलॅरेन
प्रश्न २ : (अ) अयोग्य (आ) योग्य (इ) अयोग्य